बर्फाच्या देशात भाताचा दाणा

मैत्रिणींनो, मुरबाडची एक मास्तरीण उत्तर ध्रुवाच्या वाटेवर जाऊन आली असं सांगितलं, तर तुमच्यापैकी निम्म्या तरी हसतील. मीसुद्धा हसलेच होते. माझी मावशी तीस वर्षं ऑस्लोला परिचारिका होती. गेल्या वर्षी तिचा फोन आला. स्वालबार्डच्या बोटीच्या सफरीला तिच्याबरोबर निघालेल्या मैत्रिणीचा गुडघा ऐन वेळी बिघडला होता. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते, पण नाव बदलता येत होतं. "तू येतेस का?" मावशीनं विचारलं. विमानाच्या भाड्यापुरती माझी शिकवणीच्या पैशांची ठेव होती.

अडचण होती ती तारखेची. जुलैचा मधला आठवडा! घरी शेती असलेल्यांना सांगायला नको, तेव्हा ऐन आवणी असते. राबातली रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, दिवसभर पावसात वाकून लावायच्या. घरातलं एक माणूस कमी झालं तरी चालत नाही. ह्यांनी विषय सासूबाईंवर ढकलला. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जा तू. आवणी काय, दरसाल येतेय."

इतक्या सहज होकार मिळाला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याचं कारण पुढे सांगते.

तयारीबद्दल दोन शब्द सांगते, कोणाला उपयोगी पडतील. स्वालबार्ड ही नॉर्वेची बेटं. पण तिथे जाऊन परत नॉर्वेत यायचं तर व्हिसा दोनदा प्रवेशाचा लागतो. एकच जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक तीन-चार पातळ गरम कपडे बरे, आणि सगळ्यांत वर वारा-पाणी आत न येऊ देणारं जाकीट. जुलैतही तिथे तीन-चार अंशांच्या वर पारा फारसा जात नव्हता. मी मेतकूट आणि लसणाची चटणीही नेली होती. बोटीवरच्या उकडलेल्या बटाट्यांना तिनंच चव आणली!

ऑस्लोहून तीन तासांत विमान लाँगइअरब्येन या गावी उतरतं. हे गाव ७८ अंश उत्तरेला. एप्रिलच्या वीस तारखेच्या सुमारास वर आलेला सूर्य इथे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही. पहिल्या रात्री एक वाजता खिडकीतून ऊन आलं. झोप येईना, घरी दिवेलागण कधीच झाली असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

आमची बोट लहानशी, शंभरेक प्रवाशांची. सुटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना आपापल्या पिशव्या, बूट, जाकिटं घेऊन एका खोलीत बोलावलं. तिथल्या उघड्या जमिनीत बाहेरचं बी रुजू नये म्हणून किनाऱ्यावर उतरण्याआधी प्रत्येकाचे कपडे झटकून, खिसे उलटे करून, शिवणींतली धूळ यंत्रानं ओढून काढायची पद्धत आहे. चिमट्यानं बुटांच्या खाचा कोरून काढणारी ती गोरी मुलगी पाहून मला आमच्या दिवाळीच्या साफसफाईची आठवण झाली. माझ्या जुन्या पिशवीच्या शिवणीतून तिनं काहीतरी उचललं आणि तळहातावर धरलं. तो भाताचा दाणा होता, तुसासकट.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "राइस," मी म्हटलं. तिनं तो कागदात गुंडाळून डब्यात टाकला. मी मात्र तिथेच उभी राहिले.

मैत्रिणींनो, लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बी. ए. झालेली, पण शेतातलं अक्षरही न कळणारी होते. माळ्यावर एक छोटी कणगी होती, शेणानं लिंपलेली, तोंड मातीनं बंद केलेलं. एकदा सासूबाई माहेरी गेल्या असताना घरी अचानक पाहुणे आले. तांदूळ संपलेला. मी ती कणगी फोडली, वरचा निरगुडीचा पाला बाजूला केला आणि आतलं भात गिरणीवर पाठवून दिलं. ते बियाणं होतं. झिणीचं. सासूबाईंच्या सासूबाईंपासून दरवर्षी निवडून ठेवलेलं. परत आल्यावर त्यांनी रिकामी कणगी पाहिली, एक शब्द बोलल्या नाहीत. त्या जूनमध्ये ह्यांनी बाजारातून संकरित बियाण्याची पिशवी आणली, आणि तेव्हापासून दरवर्षी पिशवीच येते. झिणीचा भात शिजताना घरभर जो वास सुटायचा, तो मी पाहुण्यांबरोबर एकदाच घेतला.

ही गोष्ट मनात घेऊनच मी पुढचे दिवस हिंडले. तिथले फ्योर्ड म्हणजे एक प्रकारे आपल्या खाड्याच. पण आपल्या खाड्या नद्यांच्या, त्या हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेल्या. दोन्ही बाजूंना उघडे काळे कडे, आणि टोकाला समुद्रात उतरलेली निळसर बर्फाची भिंत. रबरी होडीतून आम्ही तिच्या समोर, पण बरंच अंतर राखून थांबलो. कडा कोसळला तर लाट उसळते. वाटाड्यानं होडीचं यंत्र बंद केलं, तेव्हा पाण्यावरच्या बर्फाच्या तुकड्यांतून तडतड ऐकू येऊ लागली, खापरात लाह्या फुटाव्यात तशी. बर्फात शेकडो वर्षं कोंडलेली हवा बाहेर पडत होती.

किनाऱ्यावर उतरताना आधी बंदूकधारी वाटाड्या, मग आम्ही. पांढऱ्या अस्वलांची भीती. तिथे झाड नाही. विलो म्हणून जे दाखवलं ते माझ्या करंगळीएवढंही उंच नव्हतं. ते पायाखाली येऊ नये म्हणून सगळे जपून चालत होते.

काँग्सफ्योर्डमध्ये न्यू-ऑलेसुंड हे छोटं गाव आहे. पूर्वी इथे कोळशाच्या खाणी होत्या. १९६२ साली स्फोटात २१ खाणकामगार गेले आणि खाणी बंद झाल्या. आता तिथे अनेक देशांच्या शास्त्रज्ञांची केंद्रं आहेत. नाजूक उपकरणांना अडथळा नको म्हणून फोनच्या लहरीसुद्धा बंद ठेवाव्या लागतात. तिथेच आपलं 'हिमाद्रि' आहे, २००८ च्या जुलैत सुरू झालेलं. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून चालतो. इकडच्या बर्फाचा आपल्या पावसाशी काय संबंध, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या घरासमोर उभी असताना मला आमचं आवणीचं शेत आठवलं.

शेवटच्या दिवशी लाँगइअरब्येनला परतल्यावर मावशी मला डोंगरातला एक दरवाजा दाखवायला घेऊन गेली. काँक्रीटची एक पाचर डोंगरातून बाहेर आलेली, बस. आत जायला मिळत नाही. आत शंभर मीटरहून लांब बोगदा आणि शून्याखाली १८ अंशांवर ठेवलेलं जगभरचं बियाणं, तेरा लाखांहून अधिक नमुने. भाताचेच दीड लाखाच्या वर. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभराही आहे. ज्यानं पेटी ठेवली, तिच्यावर हक्क त्याचाच राहतो. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळचा बियाण्यांचा संग्रह वापरता येईना, तेव्हा २०१५ साली त्यांनी आपल्या पेट्या परत नेल्या, ते बी लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि २०१७ पासून नवं बी पुन्हा इथे आणून ठेवलं.

म्हणजे एवढा डोंगर कोरून जगानं जे केलं, ते आमच्या माळ्यावर एक न शिकलेली बाई शेण-माती आणि निरगुडीच्या पाल्यानं करत होती. आणि शिकलेल्या सुनेनं ते गिरणीत घातलं.

घरी आले तेव्हा आवणी उरकली होती. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं; बर्फ, अस्वलं, तो दरवाजा. मग दाण्याचं सांगितलं आणि म्हटलं, "आई, त्या कणगीचं माझं चुकलं." इतक्या वर्षांत हे शब्द मी कधी उच्चारलेच नव्हते. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "चूक माझी पण होती. कणगी कसली, हे तुला सांगितलंच नव्हतं मी."

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "वाड्याला तुझ्या नणंदेच्या सासरी अजून झिणी लावतात ना गं?"

यंदा तिकडून चार पायल्या बियाणं आणलं. एका खाचरात वेगळी आवणी केली, आणि या वेळी मी चिखलात होते.

तुमच्याकडेही घरचं बी असेल, भाताचं, वालाचं, नाहीतर परसातल्या भोपळ्याचं. ते कडक उन्हात वाळवा, राखेत घोळून कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, वर नाव आणि साल लिहा. आणि मुख्य म्हणजे, घरात नवी सून आली की तिचा हात धरून ती बरणी तिला दाखवा.