कुणाला कुठली कथा

"विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि उडत्या तबकड्याच ना? मला नाही बाई त्यात गोडी," असं म्हणणारी मंडळी भेटली की मी वाद घालत नाही. एखादी कथा वाचायला देते. कादंबरी नाही. ज्याला पन्नासेक पानांत आपलं 'असं झालं तर?' पटवता येत नाही, त्याला ते चारशे पानांतही जमत नाही, असं माझं (जरा हट्टी) मत आहे.

इतिहासवेड्यांना नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. १७६१ साली विश्वासरावांची गोळी थोडक्यात हुकली असती तर? बस, एवढंच. पण पानिपताचं शल्य आपण अजून बाळगून आहोत, त्यामुळे गंगाधरपंतांना सापडलेली ती वेगळी मुंबई वाचताना नुसती गंमत वाटत नाही, हुरहूर लागते. भौतिकशास्त्र मागाहून येतं, आणि तोवर आपण पुरते अडकलेले असतो.

ज्यांना भाषेत रस आहे त्यांना टेड चिआंगची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' (१९९८). 'अरायव्हल' हा २०१६चा सिनेमा तिच्यावरच बेतलाय. सिनेमा छानच आहे, पण कथेतली खरी करामत क्रियापदांत आहे. आई मुलीला तिच्याच आठवणी सांगते, आणि त्या चक्क भविष्यकाळात! का, ते सांगत नाही. वाचा.

आणि डॅनियल कीजची 'फ्लॉवर्स फॉर आल्गर्नॉन'. १९६६ साली त्याने तिची कादंबरी केली, पण तुम्ही १९५९ची मूळ कथाच घ्या. बुद्धीने कमी असलेल्या चार्लीवर शस्त्रक्रिया होते. आधी तीच आल्गर्नॉन नावाच्या उंदरावर झालेली असते. सगळी गोष्ट चार्लीच्या नोंदींतून कळते. सुरुवातीला ओळीओळीला अशुद्ध. मग वाक्यं सुधारतात, लांबतात, मग तो आपल्या पुढे निघून जातो... आणि एक दिवस उंदीर चुकायला लागतो.

कॉलेजात वाचली तेव्हा ती मला बुद्धीची गोष्ट वाटली होती. गेल्या काही वर्षांत आईच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बदलत गेलं. दूध, वाणसामान, भिशी. आधी ओळी तिरक्या झाल्या, मग बेरजा चुकू लागल्या, मग एकाच पानावर 'साखर' तीनदा. त्यातल्या दोन तिने स्वतःच खोडल्या होत्या. म्हणजे तिला कळत होतं. त्यानंतर मी कथा पुन्हा काढली, तर शेवटच्या नोंदींपर्यंत पोचायला आठवडा लागला. एका बैठकीत संपणारी कथा ती!

तरी मी ती सुचवतेच. फक्त देण्याआधी सहज विचारते, "घरी सगळे बरे ना?" कुणी उत्तर द्यायला क्षणभर थांबलं, की मुकाट्याने नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' पुढे करते. तिच्यात क्रिकेट आहे.