दोन चाकांवरून सीमाभाग

बऱ्याच वर्षांनी बेळगावास येणारे आपल्यापैकी कोणी इंदूरकर वा बडोदेकर गणपत गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, की त्यांना प्रथम कुंद्याची आठवण होत नाही. हा रस्ता आता ओलांडावा कसा, हा प्रश्न पडतो. सायकलींचे आणि टांग्यांचे बेळगाव ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना खडे बाजारातील आजची गर्दी अनोळखीच वाटावी. टांगे गेले, सायकली शाळकरी मुलांपुरत्या उरल्या आणि त्यांच्या जागी स्कूटर व मोटारसायकल ही दोन भावंडे ठाण मांडून बसली. या भावंडांचा खरा पराक्रम पाहायचा तर मात्र पहाटे उठून वेंगुर्ले रस्त्यावर हिंडलग्याशी उभे राहावे. उचगाव, सुळगा, बाची या अंगाने मोटारसायकलींची रांग येत असते. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लोंबत असतात, मधोमध गवताचा नाहीतर भाजीचा भारा, आणि त्या भाऱ्यापुढे चालविणाऱ्यास जेमतेम बसण्यापुरती जागा. बेळगावचा सकाळचा चहा या लोकांच्या तोलावर अवलंबून असतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीला स्कूटर ही विकत घेण्याची नव्हे, वाट पाहण्याची वस्तू होती. १९७२ साली ‘चेतक’ बाजारात आली. पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवावे, पैसे भरावे आणि स्वस्थ बसावे असा क्रम होता. नोंदणीच्या वर्षी जन्मलेले मूल शाळेत जाऊ लागे, तरी गाडी दारात येत नसे. पुणे-बंगळूर रस्त्याच्या काठी राहणाऱ्या आम्हांस त्यात एक गंमत दिसे. रस्त्याच्या वरच्या टोकास आकुर्डीत चेतक तयार होई, तर खालच्या टोकापलीकडे म्हैसुरात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून तिचीच पुढची आवृत्ती येझदी. आम्ही मधले. मास्तर, कारकून, बँकेतले लोक बहुधा स्कूटरकडे झुकत. ऊसवाले आणि निपाणीचे तंबाखूवाले मोटारसायकलीचे भक्त. चेतक सुरू होईना म्हणजे तिला एका अंगावर कलवायची, प्लग काढून घासायचा, आणि मग घरातील ज्याच्या पायाला यश त्याला किक मारावयास बोलवायचे, हा विधी आमच्या घरी वर्षानुवर्षे चालला. १९८४ मध्ये गिअर बदलण्याची कटकट नसलेली कायनेटिक होंडा आली, पुढल्याच वर्षी थोड्या पेट्रोलवर दूर जाणारी हिरो होंडा सीडी १०० आली, आणि २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा आल्यावर तर घरातील किल्ली सुनांच्या आणि लेकींच्या हाती गेली. आमच्या भागातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास कोणी लिहिला, तर त्यात या शेवटच्या गोष्टीस एक प्रकरण द्यावे लागेल.

दुचाकीचा उपयोग साऱ्या देशाला आहे. पण सीमेवरच्या माणसाला तो अंमळ अधिक आहे. चंदगडच्या बाजूचा मनुष्य राहतो महाराष्ट्रात, परंतु दवाखाना, बाजार आणि मुलांचे कॉलेज यांसाठी त्याला बेळगाव जवळचे. निपाणीकर राहतो कर्नाटकात, आणि साध्यासुध्या खरेदीसाठीही कोल्हापूरची वाट धरतो. सोयरीक तर कोणत्याच सीमेला जुमानत नाही. बसगाड्या मात्र जुमानतात. दोन राज्यांत कुरबूर झाली की पहिली बंद पडते ती बस. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एस. टी. गाड्या कर्नाटकात येणे थांबले, तेव्हा पलीकडच्या गावच्या लग्नाला जाणाऱ्यांनी शेवटी दोन चाकांचाच आश्रय केला. के.ए. २२ बेळगावची, के.ए. २३ चिकोडी-निपाणीची आणि एम.एच. ०९ कोल्हापूरची, या तिन्ही पाट्या संकेश्वरच्या बाजारात एकाच झाडाखाली उभ्या असतात, आणि त्यांचे मालक एकाच तागडीतून मिरची घेत असतात.

हे सारे मी एरवी इतक्या अगत्याने लिहिले नसते. पण यंदा माझ्या पुतणीची नेमणूक अतिथी शिक्षिका म्हणून जांबोटीपलीकडच्या एका खेड्यातील मराठी प्राथमिक शाळेत झाली. सकाळची बस शाळा भरण्याच्या मानाने फार लवकर, आणि दुसरी मधली सुट्टी गाठणारी. स्कूटर घ्यावी असे तिचे म्हणणे. “भाऊजी, नोकरी दहा महिन्यांची आणि धोका जन्माचा,” असे वहिनींचे म्हणणे. दोघींनीही निर्णय माझ्यावर सोपविला. एका अंगी पगार तो केवढासा. दुसऱ्या अंगी अशी गोष्ट, की त्या डोंगराळ भागातील लहान शाळा आज ज्या चालल्या आहेत, त्यांपैकी पुष्कळ गाडीवरून येणाऱ्या शिक्षकांमुळेच चालल्या आहेत. शिक्षक वेळेवर पोचला नाही की पट गळतो, आणि पट गळाला की शाळेचे काय होते हे माझ्यासारख्या हेडमास्तराला कोणी सांगावयास नको.

निपाणीस माझी थोरली बहीण असते. तिच्याकडे जाणे होतेच. तेव्हा पुतणीला मागे बसवून मोटारसायकलीनेच गेलो. सुमारे ७५ किलोमीटरचा हा रस्ता धड्यासारखा आहे, असे मला नेहमी वाटते.

किल्ल्याचा तलाव मागे टाकून महामार्गास लागले की लवकरच काकती येते, कित्तूरच्या राणी चन्नम्माचे माहेर. इथवर शहराची सावली असते. पुढे मार्कंडेय नदी ओलांडली की मोकळे माळ आणि वारा सुरू होतो. मोटारीत बसलेल्यास वारा ठाऊकच नसतो. लांबलचक ट्रक बाजूने पुढे गेला की प्रथम तो आपल्याला बाहेर ढकलतो आणि लगेच आत ओढून घेतो; नवशिक्याचा हात इथेच गांगरतो. “काका, हे आधी का नाही सांगितलंत?” असे पुतणीने मागून ओरडून विचारले. हे सांगून कळत नाही, म्हणून सांगितले नव्हते. वंटमुरीचा चढ, मग हत्तरगी. टोलनाक्यावर मोटारी रांगेत तिष्ठत असताना दुचाकीने कडेने निघून जावे. तिला टोल नाही. जगात असे राजेपण स्वस्तात फार थोड्या ठिकाणी मिळते.

संकेश्वरला हिरण्यकेशीच्या काठी चहा घेतला. इथे गडहिंग्लजचा रस्ता येऊन मिळतो. साखर कारखाने सुरू झाले, म्हणजे साधारण दिवाळीनंतर, या टापूत रस्त्याचा राजा कोण याविषयी शंका उरत नाही. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, त्यांवर दुप्पट उंचीचा ऊस, आणि मागे दिवा नाही. चौपदरी रस्त्यावर तो संथपणे चाललेला असतो; अंधारात मागून येणाऱ्यास काळ्या भिंतीसारखा अकस्मात समोर उभा राहतो. माझा एक जुना विद्यार्थी अशाच ट्रेलरवर मागून आदळून गेला. दुधाची फेरी आटोपून घरी निघाला होता. हेल्मेट घरात खुंटीला होते. वर्गात तो पाढ्यांत कच्चा आणि तोलामापात पक्का होता. त्याची बायको आता तीच फेरी करते, स्कूटरवरून. तिला नको म्हणायला कोणाची जीभ उचलली नाही, कारण दुसरा मार्ग कोणाला सुचला नाही.

कणगल्यानंतर तवंदीचा घाट. उंचीने हा घाट काही मोठा नव्हे. स्तवनिधीला दर्शनास जाणारी जैन मंडळी तो पिढ्यान्‌पिढ्या चढत-उतरत आली. पण उतारावर जड वाहनांचे ब्रेक तापतात, आणि वळणावर आपल्या मागे काय येते आहे हे आरशात पाहिल्यावाचून कळत नाही. येथे मी गाडी बाजूस घेऊन पुतणीला तोच आरसा दाखविला. आमच्याकडे पुष्कळ लोक आरसा भांग पाडण्यापुरता ठेवतात. काही तर शोभा जाते म्हणून काढून टाकतात. घाट उतरला की निपाणी. याच रस्त्यावर १९८१ मध्ये तंबाखू शेतकऱ्यांनी ठाण मांडले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तेव्हाच्या निपाणीकरांपैकी कितीतरी जण बैलगाड्यांतून आले होते. आज त्यांची नातवंडे त्याच ठिकाणी उलट्या बाजूने मोटारसायकल दामटतात, पुढचे वळण घेण्याचा अर्धा मैलाचा फेरा वाचावा म्हणून. या उलट्या बाजूच्या प्रवासाइतका निष्कारण धोका मला दुसरा दिसत नाही.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याने २०२२ सालचा अहवाल दिला आहे. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शेकडा ४४ हून अधिक. यातील ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. दर तिघांत दोघे. मुलांना मी हा हिशेब निराळ्या रीतीने सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाऊन जे डोके भिंतीवर आदळते, ते सुमारे सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून पडल्यासारखेच आदळते. वेग दुप्पट केला तर उंची चौपट होते. गच्चीच्या कठड्यावर कोणी मजेखातर चालत नाही, पण ४० चा वेग आमच्या मुलांस कासवाचा वाटतो.

शिरस्त्राणाची कथाही ऐकण्यासारखी आहे. अरबस्तानातील पराक्रमामुळे प्रसिद्धी पावलेला इंग्रज लेखक टी. ई. लॉरेन्स १९३५ साली मोटारसायकलीवरून जात असता, सायकलवरच्या दोन मुलांना वाचविण्याच्या प्रयत्नात फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी पुढे सैन्यातील निरोप्यांच्या डोक्याच्या दुखापतींचा कसून अभ्यास केला आणि १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातून ब्रिटिश सैन्यात निरोप्यांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. सर्वसामान्य इंग्रजांना ते १९७३ मध्ये सक्तीचे झाले, आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने. नंतरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घालून वैद्यकांनी काढलेला अंदाज असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा संभव शेकडा ४२ ने आणि डोक्याच्या इजेचा शेकडा ६९ ने घटतो. बाजारात दुसरी कोणती वस्तू इतक्या थोड्या पैशांत इतके देते? आणि तरीही आमच्या बेळगावात हेल्मेट कोपरात अडकवून पोलीस दिसला की डोक्यावर चढविण्याची कला सर्वांस अवगत आहे.

मागे बसणारीचाही विचार हवा. लुगड्याचा वा ओढणीचा पदर चाकात जाऊन झालेले अपघात आपल्या सर्वांच्या ऐकिवात असतील. मागच्या चाकाला जाळी, धरावयास कडी आणि पाय ठेवण्यास पायरी असावी असे केंद्राच्या नियमांतच आहे. पण नवी गाडी घेताच देखणेपणासाठी ती जाळी काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. एका अंगाने बसण्याची आपली रीत मर्यादेची खरी, परंतु तिने तोल चालविणाऱ्याच्या गळी पडतो. पुतणी निपाणीपर्यंत दोन्हीकडे पाय टाकून बसली. आक्काने दारातच भुवया उंचावल्या, आणि मग तिला हेल्मेट काढायला स्वतःच मदत केली.

जांबोटीचा रस्ता निपाणीच्या रस्त्याहून अगदी वेगळा. तिथे ट्रक थोडे, वेग थोडा. पण किणये सोडले की तांबडी माती, झाडी आणि जून ते सप्टेंबर न थांबणारा पाऊस. मलप्रभेचा उगम कणकुंबीस आहे. त्या भागात पाऊस म्हणजे काय हे यावरूनच ओळखावे. स्कूटरचे चाक लहान, त्यामुळे जो खड्डा मोटारसायकल ओलांडून जाते त्यात स्कूटर उतरते. चिखलावर पुढचा ब्रेक एकदम दाबला की गाडी आडवी होतेच. उलटपक्षी स्कूटर हलकी, पाय जमिनीस टेकतात, पावसाचे शिंतोडे अंगावर कमी उडतात आणि वह्यांचा गठ्ठा पायाशी ठेवता येतो. हे सारे तिच्यापुढे आणि वहिनींपुढे मांडले आणि मत दिले, की गाडी घ्यावी. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तीन अटी घातल्या. पहिल्या पावसाळ्यात गाडी जांबोटीतल्या ओळखीच्या घरी ठेवायची. तिथवर बसने जावे आणि उरलेली वाट तेवढी गाडीने करावी, शाळा अर्धा तास उशिरा गाठली तरी चालेल. त्याविषयी तिच्या मुख्याध्यापकांशी मी स्वतः बोललो. दिवस मावळल्यावर गाडीला हात लावायचा नाही. मुक्काम पडला तर गावातच राहावे. आणि हेल्मेट दोन घ्यावीत, कारण परतताना वाटेत कोणी ना कोणी बाई हात दाखवतेच आणि आपल्या माणसाला नाही म्हणणे आमच्या भागात अजून कोणास जमलेले नाही. दुसरे हेल्मेट गेल्या महिन्यात शाळेच्या स्वयंपाकीणबाईंनी प्रथम वापरले. त्यांना ते थोडे सैल होते, म्हणून आतून रुमाल घातला; त्याने काही साधत नाही, तेव्हा मापाचे नवीन आणण्यासाठी येत्या रविवारी दोघीही बेळगावास येणार आहेत.