मनगटावरचा राक्षस आणि सासऱ्याने दिलेले 'जनता'

थ्रेड : घड्याळे आणि ऐपत

नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा आधी दात पाहतो, मग चाल. क्रोनोग्राफ हे नाव अशाच चालीच्या मोजणीतून आले. 1821 मध्ये पॅरिसच्या शर्यतीत निकोला रियुसेकने तबकडीवर शाईचे ठिपके उमटवून घोड्यांची वेळ नोंदवली. क्रोनोग्राफ म्हणजे शब्दशः 'वेळ लिहिणारा'. (लुई मोआनेचे यंत्र 1816 चे, म्हणजे त्याहून जुने, नाव मात्र रियुसेकमुळे रूढ झाले.)

अवाढव्य आकारही प्रथम गरजेपोटी आला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिक 55 मिलिमीटरची घड्याळे जाड कोटाच्या बाहीवरून बांधत. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांना 47 मिलिमीटरचे पानेराई काळोख्या पाण्यात वाचावे लागे. पुढे गरज सरली, आकार उरला.

1993 मध्ये ओडेमार पिगेने 'रॉयल ओक ऑफशोअर' हा क्रोनोग्राफ आणला. 42 मिलिमीटर, जाडजूड, रबर उघडे दिसणारे. त्याला टोपणनाव पडले 'बीस्ट', म्हणजे राक्षसच. मूळ 'रॉयल ओक'चे (1972) शिल्पकार जेराल्ड जेंटा ते पाहून संतापले, असे सांगितले जाते. गंमत अशी, की जेंटांचे 39 मिलिमीटरचे घड्याळही 'जम्बो' म्हणूनच ओळखले जाते!

संग्राहकांत हा वाद अजून मिटलेला नाही. बाहीखाली न मावणारे घड्याळ वेळ सांगत नाही, ऐपत सांगते, असे जुन्या वळणाचे लोक म्हणतात. दुसरा पक्ष विचारतो : क्वार्ट्झने यांत्रिक घड्याळाची गरजच संपवली, मग ते निदान दिसू नये काय? हा दुसरा पक्ष अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे. लहान घड्याळही ऐपतच सांगते, फक्त हळू आवाजात.

नांदेड-लातूरला ते चांगलेच ठाऊक आहे. 1961 मध्ये एचएमटीने सिटिझनच्या साहाय्याने घड्याळे काढली. पुढे आलेले 'जनता' चावीचे, जेमतेम 35 मिलिमीटरचे, नावाप्रमाणे साधे. तरीही लग्नाच्या बोलणीत घड्याळ, सायकल, रेडिओ ही यादी निघेच. हुंडाबंदीचा कायदाही 1961 चाच! त्या इवल्याशा तबकडीसाठी वधूपित्याने ज्वारी विकली की सावकार गाठला, हे कुठे कोरलेले नसते.

2016 मध्ये एचएमटीचा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला आणि 'जनता' संग्राह्य ठरले. आता ते घेणारा संग्राहक पाठीमागचे झाकण उघडतो, यंत्र अस्सल आहे ना ते पाहतो, चाल ऐकतो. ते कोणत्या लग्नातून आले, हे तो सहसा विचारत नाही.