जुनी जीप : आधी ब्रेक

जुनी जीप घेतली असे म्हटले की बघायला येणारा आधी बॉनेट उघडायला सांगतो. इंजिन सुरू झाले, आवाज गोड आला, की सौदा फायद्याचा झाला असे सगळ्यांचे मत पडते. घोलवडकडच्या एका चिकूवाडीत कित्येक वर्षे झाडांखाली उभी असलेली ही गाडी. कागदावर साल १९७४. तिचे इंजिन दुसऱ्याच दिवशी बोलू लागले. पण मला ती हवी आहे निराळ्या कामासाठी. डहाणूच्या सायवनपासून तलासरीच्या उधव्यापर्यंत मोठा रस्ता डांबरी असला, तरी त्याला फुटणाऱ्या कित्येक पाड्यांच्या वाटा पावसाळ्यात चिखलात बुडतात. ओहळ भरला की आजारी माणूस, अडलेली बाई झोळीतून खाली आणण्याची वेळ आजही येते. असे माणूस पाठीशी घेऊन उतार उतरायचा, तर गाडी धावते कशी यापेक्षा थांबते कशी, हे पाहणे आले.

ही मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची गाडी. महिंद्रांनी १९४७ पासून तिची आपल्याकडे जोडणी सुरू केली. माझी ती उंच बॉनेटची. १९५३ साली आलेल्या या नमुन्यात इंजिनाची उंची वाढली, म्हणून बॉनेटही वर उचलावे लागले. इतका इतिहास पुरे.

आता ब्रेक. या जीपच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि चौघांना मिळून तेलाचा एकच मार्ग. एका चाकाचा सिलिंडर गळला किंवा एक नळी फुटली, की चारही चाकांचे ब्रेक गेलेच म्हणून समजा. आमच्या किनारपट्टीची खारी हवा लोखंड आतून खाते. नळ्यांवरचा रंग शाबूत होता. मेस्त्रींनी नखाने टोकरले तर खाली गंजाचा भुगा. तेव्हा नळ्या नव्या टाकल्या, चाकांच्या सिलिंडरांचे रबर बदलले, लायनर नवे बसवले. जुने तेल सगळे काढून टाकले, कारण ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढते आणि तोच ओलावा नळी आतून कुजवतो. काही भाग इकडे मिळेनात, ते कुर्ल्याहून आणले.

हातब्रेकची गंमत वेगळीच. त्याचा ड्रम चाकाला नाही. तो गिअरच्या पेटीमागे, मागच्या शाफ्टवर असतो. पायाचा ब्रेक गेला तरी हा आपला स्वतंत्र, म्हणून उतारावर तोच शेवटचा आधार. पण पेटीचे मागचे ऑइल सील गळाले की तेल नेमके याच ड्रमात उतरते आणि दांडी कितीही ओढा, गाडी घसरतेच. ‘जुनी जीप आहे, थोडे तेल गळायचेच,’ असे हसून सांगणारे पुष्कळ भेटतील. या एका सीलच्या बाबतीत त्यांचे ऐकू नका.

सांगाडाही हातोडीने ठोकून पाहिला. धड लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांच्या कडीजवळ एक वीत जागा बद्द वाजली. ती कापून नवा पत्रा जोडला. मी रंगाचा विषय काढताच मेस्त्री म्हणाले, “काका, रंग दिवाळीला.”

पाण्यातून जायचे तर एक्सलवरचे हवेचे बारीक छिद्र मोकळे हवे. ते चिखलाने बुजले, तर तापलेला एक्सल ओहळात गार होताना सीलमधून पाणी आत ओढतो आणि तेलाचे ताक होते. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबून थोडे चालवावे. ओले लायनर पकडत नाहीत. फोर व्हीलची दांडी चिखलातच टाकावी. डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाके सारखी फिरू शकत नाहीत, आणि तो ताण सगळा शाफ्ट व गिअरवर येतो. अठ्ठेचाळीस नंबरच्या हायवेवर ही दांडी टाकून फुशारकी मारणारे दिसतात, त्यांना खर्चाची हौस असावी.

पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलून घेतला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि या गाडीची टाकी तर चालकाच्या बैठकीखाली! खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. तेही उरकले. खाजगी गाडीत भाडे मात्र घेता येत नाही, आणि घ्यायचेही नाही.

राहिला प्रश्न आजाऱ्याला निजवायचा. मागचा हौदा इतका आखूड, की मोठे माणूस त्यात आडवे होत नाही. फीत लावून पाहिली. पुढची डावी बैठक काढली, तर चाकावरच्या खोक्याच्या उंचीला एक लांब फळी थेट मागच्या फाळक्यापर्यंत बसते. रुग्णाजवळचे माणूस उजव्या खोक्यावर बसेल. सुतार मापे घेऊन गेला आहे. मृग लागायच्या आत फळी द्यायचे त्याने कबूल केले आहे.