दर्या आणि दऱ्या

‘डोंगरदऱ्या’ हा शब्द संगणकावर लिहिताना अनेकांच्या हातून ‘डोंगरदर्या’ असा उमटतो आणि दऱ्यांच्या जागी समुद्र येतो. आपण त्याला अशुद्धलेखन म्हणून मोकळे होतो. आम्हांला मात्र हा प्रश्न शुद्धलेखनाइतकाच साधनांच्या घडणीचाही वाटतो.

युनिकोडमधील देवनागरीचा तक्ता इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. मराठीतल्या या अर्ध्या र ला त्यात स्वतंत्र जागा नाही. द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी ठेवलेल्या, नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडणे, हा तो उमटवण्याचा एक मार्ग. मराठी वळणाचा ‘ॲ’ तर २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत दाखल झाला. व्यवस्था तर्काला धरून आहे. पण ‘दऱ्या’ लिहू पाहणाऱ्याच्या मनात नुक्त्याचा र कधीच नसतो.

मध्यंतरी आम्ही काही विद्यार्थी आणि निवृत्त शिक्षक यांच्याशेजारी बसून त्यांचे टंकन नुसते पाहिले. आधी विचारले, तेव्हा बहुतेकांचे उत्तर ‘काही अडचण नाही’ असेच होते. बोटांची साक्ष निराळी निघाली. एका विद्यार्थ्याने ‘दऱ्याखोऱ्यांत’ हा शब्द तीनदा लिहून पाहिला, खोडला आणि शेवटी ‘डोंगराळ भागात’ असे लिहून तो पुढे गेला. एका बाईंनी हवे ते अक्षर दुसऱ्या मजकुरातून उचलून आणून चिकटवले. दोघांनाही यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते. यंत्र आपल्याला नीट येत नाही, एवढाच त्यांनी लावलेला अर्थ. वापरणाऱ्यांचा अभ्यास प्रश्नावलीवर का भागत नाही, ते इथे कळते. माणसे ज्या अडचणीला सरावलेली असतात, ती त्यांच्या उत्तरांत येत नाही.

वोल्फगांग इझरने प्रत्येक संहितेत एक अभिप्रेत वाचक गृहीत असतो असे दाखवले. कळफलकातही असाच एक अभिप्रेत लेखक दडलेला असतो. तो कोण आहे, हे घडवणाऱ्याने स्वतःच्या कल्पनेवर ठरवायचे की प्रत्यक्ष लिहिणारा पाहून, हा खरा प्रश्न. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या ‘स्वरचक्र’ या २०१३ मधील कळफलकात अक्षरे वर्णमालेच्या ओळखीच्या क्रमाने येतात. व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती चक्राकार उमलते. शाळेत पाटीवर गिरवलेले ज्ञान इथे कामी येते, लिहिणाऱ्याला नव्याने शिकावे लागते ते थोडेच.

साहित्याच्या अभ्यासकांनी याची फिकीर का करावी? पाठचिकित्सेत लेखनिकाची चूकही मोलाची असते, कारण ती पोथीत उरते. तिच्यावरून मूळ पाठाकडे जाता येते. त्या विद्यार्थ्याच्या निबंधात मात्र चूक नव्हतीच. ‘डोंगराळ भागात’ हे निर्दोष मराठी आहे. टाळलेला शब्द मागे कोणतीही खूण ठेवत नाही, आणि पुढचा कोणताही संपादक तो शोधून काढू शकणार नाही. तो दिसू शकतो, तो फक्त लिहिणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याला.