सांगड

आटपाडीत नाव दिसत नाही. माणगंगा वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते. तरी बुडत्याला तारणारी पहिली वस्तू मला इथेच भेटली. परतीच्या पावसाने विहीर भरली, की तात्या माळ्यावरचे दोन सुके भोपळे काढून सुंभाने जोडत. ती सांगड. ती माझ्या पाठीला आवळत आणि काठावरून ढकलत म्हणत, "हातपाय मार, सांगड हाय पाठीला." सांगड मला पाण्यावर ठेवी, काठ मात्र माझा मलाच गाठावा लागे.

शाळेत 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आला. अर्थ सांगितला गेला, मेळ घालणे. मला मात्र ओल्या सुंभाचा वास आला.

पुढे पुण्यात जपानी शिकताना 'तासुकेबुने' हा शब्द कळला. तासुके म्हणजे मदत, फुने म्हणजे नाव. जोडशब्दात 'फु'चा 'बु' होतो. बुडणाऱ्यांना वाचवणारी ही नाव. पण बोलताना कुणी अडखळला आणि दुसऱ्याने सावरून घेतलं, तरी जपानी माणूस म्हणतो, त्याने तासुकेबुने काढली. अडल्या वेळी हवं तेच समोर आलं, तर म्हणतात 'वातारी नि फुने', पैलतीरी जायचंय आणि नाव हजर. ही उपमा सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्रातली, चिनी भाषांतरातून तिथे पोचलेली. इतक्या दूरच्या भाषेत आपल्याकडची नाव पाहून मी हरखलो.

एकदा वर्गात बोलता बोलता माझी वाचाच बसली. शेजारच्या मुलीने एक शब्द पुटपुटला, फक्त एक. उरलेलं वाक्य मी पुरं केलं. तिने नाव काढली होती, पण मला ती सांगड वाटली.

ऑगस्ट 2019च्या पुरात सांगलीच्या रस्त्यांवर बचावाच्या होड्या फिरत होत्या. पूर्वी कृष्णाकाठी गुळाच्या काहिलीतूनही माणसं पुरातून काढत. आमच्या तालुक्यात त्या ऑगस्टमध्ये मात्र टँकरची वाट पाहणं चालू होतं. तात्या फोनवर म्हणाले, "पाणी तिकडं येऊन मारतंय, हितं न येऊन."

आता कराडजवळच्या टेंभूहून उपसलेलं कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात येतं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी होतं. लेकीच्या पाठीला मी तीच सांगड बांधली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आज एकच भोपळा बांधा."