बोगद्यातलं एक मिनिट

आज डोंबिवलीहून ठाण्याला फास्टने आले. खिडकी मिळाली. दिवा स्टेशन गेलं तसा हात आपसूक मोबाईलकडे गेला, मग आठवलं, आता बोगदा लागत नाही. पारसिकचा तो 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब बोगदा. फेब्रुवारी 2022 मध्ये पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या.

तेव्हा बोगद्यात रेंज जायची. ‘कुठे पोचलीस, शेजारी कोण आहे, डब्याचा फोटो पाठव’ हे नवऱ्याचं विचारणं मिनिटभर थांबायचं. त्या अंधारात माझे आखडलेले खांदे खाली उतरायचे. मी त्या विचारण्याला काळजी म्हणत होते, प्रेम म्हणत होते; खांद्यांना आधीच कळलं होतं. दोनदा घर सोडलं, दोनदा परत गेले. मारहाण नव्हती ना! 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा भावनिक छळही मोजतो, हे फार उशिरा समजलं.

आता खिडकीतून डोंगर दिसतो, खाडी दिसते. फोन गप्प असतो. तरी कुणाला उत्तर द्यायला उशीर झाला की पोटात गोळा येतोच, अगदी मैत्रिणीलासुद्धा.

कळवा गेलं. बायका दाराकडे सरकू लागल्या. मी बसूनच राहिले, थोडा वेळ.